झेलणाऱ्याचे वय

मागील अंकात अमेरिकेतल्या फुटबॉलविषयी एका वाचकाला उत्तर देताना ‘तिशी ओलांडलेला रिसीव्हर हा संघाच्या दृष्टीने जोखमीचा व्यवहार असतो’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, संकेश्वर अशा ठिकठिकाणांहून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रे संक्षेपाने छापली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून थोरल्या मुलाकडे टेक्सासमध्ये सहा महिने राहून आलो. तिथे दर रविवारी सामने पाहण्याचा नाद लागला आणि गावी परतल्यावरही तो सुटलेला नाही. तिथले समालोचक एकतीस वर्षांच्या खेळाडूला सरळ ‘वयस्कर’ म्हणतात, याचे नवल वाटते. रिसीव्हर नेमका किती वर्षांपर्यंत कामाचा राहतो?
एक निवृत्त अधिकारी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी कामाचे स्वरूप सांगतो. या खेळातला चेंडू अंडाकृती असतो आणि तो मुख्यतः हाताने फेकला जातो. फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. रेषेच्या टोकाकडे उभे राहून, आधी ठरलेल्या वाटेने धावत जाऊन, मागे लागलेल्या बचावपटूला चुकवून तो चेंडू झेलणारा तो रिसीव्हर. पूर्ण वेगात दहा-बारा यार्ड जायचे, तिथे पाय रोवून एकदम दिशा मोडायची, मान वळवायची, चेंडू दिसताक्षणी हात पुढे करायचे आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी बरगडीत धडक देणार हे ठाऊक असूनही चेंडू सोडायचा नाही, असे हे काम आहे. सामनाभर ही धावपळ चालते आणि त्यातला चेंडू त्याच्या वाट्याला येतो तो मोजक्याच वेळा.

उपयुक्ततेचे ढोबळ माप म्हणून एका हंगामात झेलांवर मिळवलेले, म्हणजे झेल घेऊन संघाला पुढे नेलेले, १००० यार्ड ही खूण फार पूर्वीपासून मानली जाते. २०२१ पासून तिथला साखळी हंगाम १७ सामन्यांचा आहे, म्हणजे सामन्याला सरासरी ५९ यार्ड पुरतात. त्याआधी १६ सामने असत, तेव्हा साडेबासष्ट लागत. हे माप अपुरे आहे, कारण क्वार्टरबॅक वाईट असेल तर चांगल्या रिसीव्हरचेही यार्ड बुडतात. पण दुसरे कोणतेही माप इतके सर्वमान्य नाही, म्हणून मीही तेच वापरतो.

आता थेट उत्तर. बहुतेक रिसीव्हरांचा बहर पंचविशी ते तिशीच्या दरम्यान असतो. चांगला खेळाडू एकतिसाव्या वर्षापर्यंत बहुधा टिकून राहतो, बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी हजार यार्डांची मजल मारणारे मूठभर उरतात, आणि पस्तिशी गाठल्यावर ज्यांनी ती मारली त्यांची नावे पाठ करायला एक संध्याकाळ पुरेल. क्रिस कार्टर यांनी २००० च्या हंगामात १२७४ यार्ड केले, त्याच हंगामात त्यांना पस्तीस पूर्ण झाली. टिम ब्राउन यांनी पस्तिसाव्या वर्षी २००१ मध्ये ११६५ केले. जिमी स्मिथ यांनी २००५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी १०२३ केले आणि स्टीव्ह स्मिथ यांनी २०१४ मध्ये पस्तिसाव्या वर्षी १०६५. जेरी राइस यांच्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे, कारण निपाणीच्या वाचकांनी त्यांच्याच नावाने मला पेचात धरले आहे.

समालोचक एकतिशीला वयस्कर म्हणतात ते या हिशेबाने. खेळाडू एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी व्यावसायिक साखळीत येतो, म्हणजे एकतिसाव्या वर्षी त्याची नऊ-दहा वर्षांची सेवा झालेली असते. आपल्या बँकेत एवढ्या सेवेनंतर माणूस नुकताच शाखाधिकारी होण्याची स्वप्ने पाहत असतो. तिथे त्याच्या निवृत्तीची चर्चा सुरू झालेली असते. काही जण ती चर्चा होऊच देत नाहीत. कॅल्विन जॉन्सन यांनी २०१२ मध्ये एका हंगामात १९६४ यार्ड करून विक्रम केला आणि २०१५ चा हंगाम संपल्यावर, त्या हंगामातही १२१४ यार्ड खात्यावर असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. यार्ड संपले नव्हते, शरीर थकले होते. वयाचा आणि कामगिरीचा ताळेबंद मांडताना अशी माणसे हिशेबातून निसटतात, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : सर, मी महाविद्यालयात शंभर मीटर धावतो आणि पावसाळ्यानंतर गावच्या संघातून फुटबॉल खेळतो. दम तर चाळिशीतल्या माणसालाही असतो, आमच्या गावचे शेतकरी दिवसभर चिखलात लावणी करतात. मग खेळाडूचा वेगच आधी का जातो?
एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : तुझ्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. दम आणि वेग ही शरीराची दोन वेगळी खाती आहेत. स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात : सावकाश आकुंचन पावणारे, पण न थकणारे, आणि झटकन आकुंचन पावणारे, मोठा जोर देणारे, पण लवकर थकणारे. लावणी करताना, घाट चढताना पहिल्या प्रकारचे तंतू कामाला येतात. उभ्या जागेवरून उसळी मारताना, पाय रोवून दिशा मोडताना दुसऱ्या प्रकारचे लागतात. वयानुसार आधी झिजतात ते हे दुसरे. घरातल्या माणसाला ती झीज जाणवत नाही, कारण बस पकडण्यापलीकडे त्याला त्या तंतूंची गरजच पडत नाही. ज्याचे पोट एक पाऊल पुढे असण्यावर चालते त्याला मात्र ती तिशीच्या आसपासच कळते.

तू धावपटू आहेस म्हणून तुझ्या ओळखीचे उदाहरण देतो. उसेन बोल्ट यांनी ९.५८ सेकंदांचा विक्रम २००९ मध्ये केला तेव्हा त्यांना तेवीस पूर्ण व्हायची होती. रिओच्या ऑलिंपिकमध्ये २०१६ साली, तिसावा वाढदिवस आठवड्याभरावर असताना, त्यांनी सुवर्ण जिंकले ते ९.८१ ने; आणि पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत ९.९५ ला कांस्यावर समाधान मानले. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाचीही हीच वाट. सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा हा फरक तुला क्षुल्लक वाटेल, पण तेवढ्या वेळात तो गडी तीन यार्डांहून जास्त अंतर कापतो. रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात एक यार्ड मोकळा मिळाला तर चेंडू टाकता येतो, आणि तो मिटला की टाकता येत नाही.

वेगाहून मोठे दुखणे मांडीच्या मागच्या स्नायूचे, ज्याला मैदानावर सगळे हॅमस्ट्रिंगच म्हणतात. धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा जमिनीला टेकण्याआधी त्याला आवरण्याचे काम हा स्नायू करतो, म्हणजे ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. भर वेगात हा ताण सर्वांत जास्त असतो. वय वाढले की तो दुखावण्याचा संभव वाढतो आणि एकदा दुखावला की पुन्हा दुखावण्याचा संभव त्याहून वाढतो. जुलिओ जोन्स यांनी २०१९ मध्ये तिसाव्या वर्षी १३९४ यार्ड केले. पुढच्याच वर्षी हॅमस्ट्रिंगने त्यांना नऊच सामने खेळू दिले आणि ७७१ वर थांबवले. त्याच्या पुढच्या वर्षी, नव्या संघात, ते ४३४ वर आले. पुन्हा ते जुने जोन्स दिसले नाहीत.

प्रश्न : आपण तिशीचे गाणे गाता, परंतु जेरी राइस चाळिशीपर्यंत खेळले आणि तेही उत्तम खेळले, हे आपल्यासारख्या जाणकाराला ठाऊक नसेल असे वाटत नाही. मग वयाचा हा बाऊ कशासाठी?
एक माध्यमिक शिक्षक, निपाणी

उत्तर : आपला टोला मान्य आहे, आणि राइस यांच्याविषयी लिहायला निमित्त मिळाले म्हणून आभारही.

जेरी राइस यांचा जन्म ऑक्टोबर १९६२ चा. वडील गवंडी होते आणि कामावर मदतीला गेलेला हा मुलगा भावांनी फेकलेल्या विटा झेलत असे, ही गोष्ट ते स्वतः सांगतात. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्यांना पहिल्या फेरीत सोळाव्या क्रमांकावर निवडले. त्यानंतर २० हंगाम, १५४९ झेल, २२८९५ यार्ड. आजही हे आकडे कोणाच्या आवाक्यात आलेले नाहीत. १९९५ मध्ये, ज्या वर्षी त्यांनी तेहतीस पूर्ण केली, त्यांनी १२२ झेल घेऊन १८४८ यार्ड केले, म्हणजे कारकिर्दीतला सर्वांत मोठा हंगाम त्यांनी तिथे केला जिथे इतरांचा बहर ओसरलेला असतो.

पण पुढचे पाहा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. साडेतीन महिन्यांत ते परत मैदानात उतरले आणि त्या पहिल्याच सामन्यात झेल घेऊन पडताना त्याच गुडघ्याची वाटी फुटली. (घाईने परतू नये, असे मी मुलांना सांगतो तेव्हा हेच उदाहरण देतो. मुले ऐकत नाहीत, पण ऐकल्यासारखे करतात.) १९९८ मध्ये त्यांनी सोळाही सामने खेळून ११५७ यार्ड केले. मग १९९९ ला ८३० आणि २००० ला ८०५. संघात टेरेल ओवेन्स हा तरुण पुढे आला होता, मुख्य झेल त्याच्याकडे जाऊ लागले होते, आणि अडतिशीतल्या राइस यांना निरोप मिळाला. सगळ्यांनी मानले, की संपले.

ते खाडीपलीकडच्या ओकलंडच्या संघात गेले आणि तिथे २००१ मध्ये ११३९, तर २००२ मध्ये १२११ यार्ड केले. त्या हंगामात त्यांना चाळीस पूर्ण झाली. चाळिशीतल्या कोणत्याही रिसीव्हरने आजवर हजार यार्ड केले असतील तर ते एवढ्या एकानेच. या पुनरुज्जीवनाचे श्रेय डोंगरावर धावण्याच्या त्यांच्या प्रसिद्ध सरावाला सगळे देतात, आणि तो सराव खराच होता. परंतु मला वाटते, दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, तिथला क्वार्टरबॅक रिच गॅनन हा स्वतः छत्तीस-सदतीस वर्षांचा होता, लांब फेकीपेक्षा छोट्या, वेळेवर टाकलेल्या चेंडूंवर त्याचा भर होता, आणि २००२ चा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दुसरी, शेजारी टिम ब्राउन असल्याने सगळा बचाव एकट्या राइस यांच्या मागे लागू शकत नव्हता. म्हणजे म्हाताऱ्या पायांना न झेपणारे काम त्यांच्याकडून मागितलेच गेले नाही, आणि जे मागितले गेले ते, म्हणजे ठरलेल्या पावलावर ठरलेल्या जागी पोहोचणे, त्यांना जगात कोणाहूनही चांगले येत होते.

हीच गोष्ट लॅरी फिट्झगेरल्ड यांच्याबाबत आकड्यांतून स्वच्छ दिसते. २००८ मध्ये, पंचविशीत, त्यांनी ९६ झेलांवर १४३१ यार्ड केले, म्हणजे झेलामागे सुमारे १५. पुढे २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे हजाराखाली गेली आणि त्यांच्याही नावाने ‘संपले’ ऐकू येऊ लागले. त्या काळात नव्या प्रशिक्षकांनी त्यांना मैदानाच्या कडेवरून उचलून आत, स्लॉट म्हणतात त्या जागी, उभे केले. तिथे लांब सरळ धाव कमी असते, आखूड वळणे जास्त असतात आणि गर्दीत अंगावर धडक घेत चेंडू धरावा लागतो. फिट्झगेरल्ड सहा फूट तीन इंचांचे, हात विलक्षण खात्रीचे, आणि ज्या कामाला तारे सहसा नाक मुरडतात ते, म्हणजे दुसऱ्याच्या धावेसाठी बचावपटूला अडवून धरणे, त्यांनी मनापासून केले. २०१५, २०१६, २०१७ या तीन वर्षांत, बत्तीस ते चौतीस वयात, त्यांनी अनुक्रमे १०९, १०७ आणि १०९ झेल घेतले आणि तिन्ही वेळा हजार ओलांडले. २०१६ मध्ये झेलामागे यार्ड उरले होते साडेनऊ. झेल वाढले, झेलाची लांबी घटली. वय झालेल्या रिसीव्हरचे गणित बहुधा असेच सुटते.

अन्क्वान बोल्डिन हे तिसरे उदाहरण मला विशेष आवडते, कारण ते तारुण्यातही वेगवान नव्हते. निवड चाचणीत ४० यार्डांना त्यांनी ४.७ सेकंदांच्या आसपास घेतले होते आणि रिसीव्हरसाठी ही वेळ मंदच समजतात. ज्याने कधी वेगावर घर बांधलेच नाही त्याचे वेग गेल्याने काय बिघडणार? २०१४ मध्ये चौतिशीत त्यांनी १०६२ यार्ड केले.

मात्र नियम मोडणाराही एक आहेच. जोई गॅलोवे हे निव्वळ वेगाचे खेळाडू होते, आणि तरी २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षे, तेहतीस ते छत्तीस वयात, त्यांनी हजार ओलांडले. याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्याकडे आहे असे मी भासवणार नाही. काहींचा वेग मुळातच इतका असतो, की थोडा खर्च झाला तरी शिल्लक इतरांपेक्षा जास्त उरते, एवढेच म्हणता येईल.

राहिला बाऊ. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला ऐंशीव्या वर्षी काठीशिवाय येणारे आजोबा पाहून ‘जुन्या माणसांची प्रकृतीच दणकट’ असे आपण म्हणतो. जे येऊ शकले नाहीत ते आपल्याला दिसत नसतात. राइस हे त्या मेळाव्याला आलेले आजोबा आहेत. १९८५ मध्ये त्यांच्याबरोबर निवडले गेलेले बाकीचे सगळे रिसीव्हर २००२ च्या आधीच घरी गेले होते.

प्रश्न : आम्ही शर्यतीची बैलजोडी बाळगतो. बैल घेताना दात बघतो. आदत, दुसा, चौसा कळला की पुढे किती वर्षे पळेल त्याचा अंदाज बांधता येतो. या खेळाडूंचे दात कशावरून बघायचे?
एक शेतकरी, हुक्केरी तालुका

उत्तर : या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आपला. जन्मतारीख हे दातच, आणि तेवढे पाहून व्यवहार करणारे संघ फसतात; आपणही बाजारात दात पाहून झाल्यावर बैल चालवून पाहताच की.

रिसीव्हर चालवून पाहायचा तर मी आधी झेल पाहत नाही, झेलाच्या आधीचे पाऊल पाहतो. दिशा मोडताना पूर्वी तो दोन पावलांत थांबत असेल आणि आता चार घेत असेल, तर बचावपटूला आधीच सुगावा लागतो. सरळ धाव मंदावण्याआधी हे थांबणे मंदावते. दुसरे, झेल मोकळ्यात येतात की झोंबाझोंबीत. प्रत्येक झेल कोणाच्या तरी हातातून हिसकावून घ्यावा लागत असेल तर वर्तमानपत्रात त्याची छायाचित्रे छान येतात, आणि नेमका तेव्हाच मी सावध होतो. तिसरे, चुकलेले सामने कशामुळे चुकले. कोणी अंगावर पडून हाड मोडले असेल तर ते नशीब. कोणी हात न लावता पोटरी किंवा मांडी धरली असेल तर ते वय. झेलामागचे यार्ड घटले म्हणून मात्र घाबरू नये, फिट्झगेरल्ड यांचे वर पाहिलेच. काम बदलले असेल तर ते घटणारच. काम तेच असून घटले तर चिंता.

प्रश्न : आमचे सुनील छेत्री चाळिशीत गोल करतात. त्यांच्याइतके अमेरिकेतले खेळाडू का टिकत नाहीत?
एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : छेत्री यांचा जन्म ऑगस्ट १९८४ चा, जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्यांनी देशाच्या संघाचा निरोप घेतला आणि मार्च २०२५ मध्ये ते परतलेही. बेंगळुरूच्या संघातून ते खेळतात म्हणून आपल्याकडे त्यांच्याविषयी अधिक जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही खेळांचे नाव एकच असल्याने तुलना फसते. छेत्री नव्वद मिनिटांत कुठे चालायचे आणि कुठे पळायचे हे बरेचसे स्वतः ठरवू शकतात. रिसीव्हरला इशारा झाला की दर वेळी पूर्ण वेगात सुटावे लागते, चेंडू दुसऱ्याकडे जाणार असला तरी, नाहीतर बचावाला डाव कळतो. शिवाय अंगावर येणारी धडक हा तिथे नियमाचाच भाग आहे.

प्रश्न : मोठमोठे खेळाडू एका वर्षात दिसेनासे होतात. हळूहळू उतरत का जात नाहीत? गेल्या वर्षी हजार करणारा यंदा पाचशे करेल, पुढे तीनशे, असे व्हायला नको का?
एक व्यापारी, संकेश्वर

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. गॅलोवे यांनी २००७ मध्ये १०१४ यार्ड केले आणि २००८ मध्ये १३८. रँडी मॉस यांनी २००९ मध्ये १२६४ केले, आणि २०१० मध्ये एकाच हंगामात तीन संघ फिरून ३९३. अशा घसरणीत दुखापतींचा आणि स्वभावाचा वाटा असतो, पण मुख्य कारण संघाच्या रचनेत आहे आणि ते आपल्याला व्यापारी म्हणून चटकन पटेल.

५३ जणांच्या संघात रिसीव्हर पाच-सहा ठेवतात. पहिले दोन-तीन चेंडू झेलण्यासाठी असतात. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरच्यांना मात्र झेलाव्यतिरिक्त दुसरे काम करावे लागते : चेंडू लाथेने लांब मारला जातो तेव्हा जिवाच्या आकांताने पळत जाऊन पलीकडच्या गड्याला पाडणे, किंवा आपल्या गड्याला वाट करून देणे. हे तेवीस वर्षांच्या पोराचे काम आहे. म्हणून पस्तिशीतला रिसीव्हर पहिल्या तिघांत बसला तर संघात राहतो आणि तिथून एक पायरी खाली आला की त्याला बसायला जागाच नसते. उतरण शरीरात असते, तुटका कडा संघाच्या यादीत असतो.

त्यात पैशाचा हिशेब मिसळतो. १९९४ पासून तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, आणि किमान वेतन सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढत जाते. सारख्याच उपयोगाचे दोघे असतील, एक नवखा आणि एक दहा वर्षे जुना, तर जुना महाग पडतो. आपल्या दुकानात जुना माणूस आपण ओळखीखातर ठेवतो. तिथे ओळखीला पगाराच्या मर्यादेत रकाना नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. यार्ड घटले की लगेच वयाच्या माथी मारू नये. टायरीक हिल यांनी २०२३ मध्ये १७९९ यार्ड केले आणि तिशी गाठल्यावर २०२४ मध्ये ९५९. सगळे म्हणाले, पाहा, तिशी. पण त्या हंगामात त्यांचे मनगट दुखावलेले होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक डोक्याला मार लागून काही आठवडे बाहेर होता. यातला वयाचा वाटा किती होता हे पुढच्या हंगामात दिसले असते. तेही राहिले, कारण सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्यांचा गुडघाच निखळला. स्टीव्ह स्मिथ यांची टाचेवरची शिर २०१५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तुटली, तेव्हाही सगळ्यांनी खाते बंद केले होते. ते २०१६ मध्ये परतले आणि ७९९ यार्ड करून स्वतःच्या पायांनी निवृत्त झाले.

प्रश्न : माझे वय ३८. गल्लीच्या फुटबॉल संघात अजून पुढच्या फळीत खेळतो. दोन वर्षांत उजव्या मांडीचा मागचा स्नायू तीनदा धरला. घरी बायको म्हणते, आता पुरे. मित्र म्हणतात, दिवाळीनंतरच्या स्पर्धेला तू हवासच. आपण काय सांगाल?
एक खेळाडू, शहापूर, बेळगाव

उत्तर : घरच्या वादात पडण्याची माझी हिंमत नाही, पण मांडीविषयी सांगतो. एकच स्नायू तीनदा धरतो याचा अर्थ बहुधा पहिल्या वेळेला तो पूर्ण बरा होण्याआधीच आपण खेळलात. दुखणे थांबणे आणि ताकद परत येणे यांत कित्येक आठवड्यांचे अंतर असते. आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवून दोन्ही मांड्यांची ताकद तपासून घ्या. उजवी डावीपेक्षा स्पष्टपणे कमी भरली तर स्पर्धेचा विचार तिथेच सोडून द्या. भरत असेल, तर गुडघ्यावर बसून कोणाला तरी घोटे घट्ट धरायला लावायचे आणि धड सरळ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकत जायचे, हा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. स्नायू ताणला जात असताना जोर लावण्याची सवय त्याने लागते आणि हॅमस्ट्रिंगला हवी असते ती हीच. सुरुवातीला चार-पाचच वेळा झुका, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण निघेल. सरावात आठवड्यातून दोन दिवस तरी पूर्ण वेगाने मोजक्या धावा घ्या. वर्षभर रमतगमत पळून स्पर्धेच्या दिवशीच भर वेगात सुटणे, हे मांडी धरण्याचे सर्वांत खात्रीचे निमंत्रण आहे. पहाटेच्या गारव्यात अंग तापल्याशिवाय चेंडूला पाय लावू नका.

आणि पुढच्या फळीचा हट्ट सोडा. फिट्झगेरल्ड कडेवरून आत आले तसे आपण मधल्या फळीत या. तिथे समोरचा खेळ दिसतो, पास देता येतो, आणि चाळीस यार्डांची धाव एखाद्या विशीतल्या पोराला देऊन टाकता येते. मीही तिसाव्या वर्षापर्यंत लेले मैदानावर डाव्या कडेने पळायचो आणि छत्तिसाव्या वर्षी मध्यभागी येऊन उभा राहिलो. पहिले दोन महिने अपमान वाटला. संघ-व्यवस्थापकाला ही अदलाबदल स्पर्धेच्या आदल्या दिवशी न सांगता आताच सांगा, म्हणजे सरावात पोरांना आपल्या नव्या जागेची सवय होईल.